तान्ह्या मुलाचा मेंदू आणि मायबोली



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही मराठीच्या शुद्धलेखनावर, निदान व्याकरणावर तरी बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे शाळेत मराठी शिकविलेल्या माणसाकडून दुसरे काय ऐकायला मिळणार! परंतु आम्ही विनंती करून विषय बदलून घेतला. त्याचे कारण असे, की नोकरीतून मोकळे झाल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आम्ही ज्या मुलांना मराठी शिकविली असे समजत होतो, ती सर्व मुले मराठी शिकूनच शाळेत आलेली होती. कर्ता, कर्म, क्रियापद ह्यांची नावे त्यांना ठाऊक नव्हती एवढेच. बाकी 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' ह्यांत त्यांची चूक होत नव्हती. आम्ही शिकविल्या त्या केवळ वेलांट्या आणि मात्रा. मग भाषा त्यांना शिकविली कोणी? केव्हा? आणि ती मेंदूत जाऊन बसली कशी?

हा प्रश्न आम्हांला तीस वर्षांत कधी पडला नाही. तो पडला आमच्या घरात घडलेल्या एका प्रसंगामुळे. तो प्रसंग आम्ही ओघाने सांगूच. आम्ही डॉक्टर नाही की शास्त्रज्ञही नाही. जाणकारांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते आपल्यासमोर ठेवीत आहो.

हा प्रश्न नवा नाही. आपल्याच देशात अकबर बादशहाला तो पडला होता. बोलणे उपजत असते की ऐकण्यातून येते, ह्याचा निकाल लावण्यासाठी त्याने काही तान्ही मुले वस्तीपासून दूर एका वाड्यात ठेविली. त्यांची निगा राखणाऱ्यांना मुलांपुढे तोंडातून अक्षर काढण्याची मनाई होती. १५८२ साली बादशहा तो वाडा पाहावयास गेला, तेव्हा त्याला एकही शब्द ऐकू आला नाही. अकबरनाम्यात ह्याची नोंद आहे, आणि त्या वाड्याला लोक गुंगमहाल म्हणू लागले. बादशहाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले; पण त्याची किंमत त्या मुलांनी दिली. असला प्रयोग आज कोणी करू शकत नाही आणि करूही नये. म्हणून गेल्या पन्नाससाठ वर्षांतील शास्त्रज्ञांपुढे मोठी अडचण होती. ज्याला बोलता येत नाही, त्याला इजा न करता विचारायचे कसे, की बाबा रे, तुला काय ऐकू येते?

त्यांनी काढलेली युक्ती पाहिली म्हणजे मोठी गंमत वाटते. तान्ह्या मुलाला एक काम उत्तम येते, ते म्हणजे चोखणे. १९७१ साली अमेरिकेत पीटर आयमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महिन्याच्या आणि चार महिन्यांच्या मुलांच्या तोंडात चोखणी दिली आणि ती एका यंत्राला जोडली. मूल जोराने चोखू लागले, की 'बा, बा, बा' असा आवाज येई. मुलाला त्याचे नवल वाटून ते भराभर चोखी. थोड्या वेळाने ते कंटाळे आणि चोखणे मंदावे. मग आवाज बदलून 'पा, पा, पा' केला, की मूल पुन्हा उत्साहाने चोखू लागे. म्हणजे 'बा' निराळा आणि 'पा' निराळा, हे महिन्याच्या मुलालाही कळत होते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. ह्या मंडळींनी त्याचे कान पाळण्यात पाहिले.

वस्तुतः ह्या कानाचे काम पाळण्याच्याही आधी सुरू होते. गर्भाच्या सहाव्यासातव्या महिन्यापासून त्याला ऐकू येऊ लागते. येथे आपल्यापैकी पुष्कळांना अभिमन्यूची आठवण झाली असेल. परंतु गर्भात चक्रव्यूह ऐकू येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आईच्या पोटातून शब्द स्पष्ट पोचत नाहीत. पोचते ती बोलण्याची चाल, तिचा चढउतार, तिचा ठेका. भिंतीपलीकडे कोणी बोलत असले म्हणजे आपल्याला शब्द कळत नाहीत, पण कोण बोलते आहे हे कळते, तसेच हे. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर ह्यांनी चोखणीच्याच युक्तीने दाखविले, की तीन दिवसांच्या आतले मूल परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करते. २००९ साली तर जन्मून तीनचार दिवस झालेल्या फ्रेंच आणि जर्मन मुलांचे रडणे ताडून पाहण्यात आले. फ्रेंच मुलांचा सूर चढत जाणारा आणि जर्मन मुलांचा उतरत जाणारा आढळला. त्या दोन भाषांच्या बोलण्याची ढबही साधारण तशीच आहे. मूल रडते तेही मायबोलीच्या वळणावर!

आता आम्ही आपल्याला अशा प्रयोगाकडे नेतो, ज्यात आपल्या घरचीच अक्षरे आहेत. 'त' आणि 'ट' ही ती अक्षरे. 'ताक' आणि 'टाक' ह्यांत आपला घोटाळा कधी होत नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्या मनुष्याला हा भेद ऐकूच येत नाही. त्याच्या कानाला दोन्ही एकच. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज ह्या कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिंदीतले हेच दोन उच्चार इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना ऐकविले. मूल आईच्या मांडीवर बसलेले. एका बाजूने कर्ण्यातून एकच उच्चार पुन्हा पुन्हा येतो आहे. मध्येच उच्चार बदलला आणि मुलाने तिकडे मान वळविली, की पेटीत दिवा लागून खेळण्यातला प्राणी हालू लागे. आईने नकळत खूण करू नये म्हणून तिच्या कानांवर निराळे संगीत लावून ठेवीत.

ह्या प्रयोगात काय दिसले? सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक इंग्रजी मुलांना 'त' आणि 'ट' ह्यांतला भेद कळला. आईबापांना जो भेद कळत नव्हता, तो त्यांच्या मांडीवरच्या पोराला कळत होता. आठ ते दहा महिन्यांच्या मुलांत असे कान थोडे उरले. आणि दहा ते बारा महिन्यांच्या मुलांत जवळजवळ कोणालाच तो भेद ओळखता येईना. उलट, हिंदी घरांत वाढणाऱ्या वर्षाच्या आतबाहेरच्या मुलांना तो चांगला ओळखता येत होता. म्हणजे जन्मतः प्रत्येक मूल साऱ्या जगाचे नागरिक असते आणि वर्षाच्या आत ते आपल्या गावचे होऊन जाते. आपण ह्यावरून इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. इंग्रजीतील 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ह्यांच्या उच्चारांतला भेद आपल्यापैकी पुष्कळांच्या कानाला आजही लागत नाही. जपानी माणसाला 'र' आणि 'ल' ह्यांतला लागत नाही. सगळ्यांच्या कानांचे दरवाजे असेच पहिल्या वर्षी बंद होत गेलेले असतात.

हे कसे घडते, हे समजण्यासाठी मेंदूकडे वळले पाहिजे. नवजात मुलाचा मेंदू सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव हिश्शाइतका असतो. दोन वर्षांत तो तीनचतुर्थांशापर्यंत जातो. ही वाढ कशाची? मेंदूतील बहुतेक पेशी जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. वाढतात ते त्या पेशींचे फाटे आणि एका पेशीने दुसरीशी बांधलेले जोड. शिवाय त्या फाट्यांवर एक स्निग्ध आवरण चढत जाते आणि त्यामुळे निरोप अधिक वेगाने जाऊ लागतो. शिकागोच्या विद्यापीठात पीटर हटनलॉकर ह्यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे बारीक काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली हे जोड मोजण्याचे किचकट काम अनेक वर्षे केले. १९९७ साली त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर दाभोलकर हे नाव सहलेखक म्हणून आहे, हे सांगताना आम्हांला बरे वाटते. त्यांना आढळले, की मेंदूच्या ऐकण्याच्या भागात जोडांची दाटी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते. विचार आणि संयम ह्यांचा जो कपाळामागचा भाग, तेथे ती पंधरा महिन्यांनंतर कळसाला पोचते. पुढे ही दाटी कमी कमी होत जाते. ऐकण्याच्या भागात हे काम बाराव्या वर्षापर्यंत आटोपते.

दाटी कमी होते म्हणजे मेंदूचे नुकसान होते काय? नाही. आपल्यापैकी जे शेतीच्या घरातले असतील, त्यांना हे चटकन समजेल. बी पेरताना आपण हात सैल ठेवतो. रोपे दाट उगवली, की विरळणी करतो. काही उपटून टाकतो, तेव्हाच राहिलेल्यांना ऊन, पाणी आणि खत मिळून कणीस भरते. मेंदू हेच करतो. कोणते रोप ठेवायचे आणि कोणते उपटायचे, हे ठरविते कानावर पडणारी भाषा. ज्या जोडातून रोज निरोप जातात तो पक्का होतो. ज्यातून जात नाहीत तो सुकतो. मराठी घरात 'ळ' हजार वेळा ऐकू येतो म्हणून 'ळ'चे रोप टिकते.

मूल नुसते साठवीत नाही, हिशेबही करते. आपण बोलताना शब्दांच्या मध्ये थांबत नाही. 'बाळाचे डोळे बघ' हे लिहिताना तीन शब्द, बोलताना एक सलग धागा. मग एक शब्द कोठे संपला हे मुलाला कसे समजते? १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या मुलांना दोन मिनिटे निरर्थक अक्षरांची एक सलग माळ ऐकविली. तीत काही अक्षरे नेहमी एकामागोमाग येत, काही क्वचितच. एवढ्याशा ऐकण्याने मुलांनी नेहमीच्या जोड्या ओळखल्या. तसेच, 'बा'नंतर 'ळ' पुष्कळदा येतो, पण 'बाळ'नंतर काय येईल ह्याचा नेम नाही. म्हणून 'बाळ' ही एक वस्तू आहे, हे मूल जाणते. आम्ही वर्गात ज्यांना मठ्ठ म्हटले, त्या मुलांनीही आठव्या महिन्यात हे गणित सोडविले होते.

येथे कोणी म्हणेल, की मग काम सोपे झाले. घरात रेडिओ लावून ठेवावा, मुलाच्या हातात मोबाईल द्यावा, आणि जगातील सर्व भाषा त्याच्या कानांवर पडू द्याव्यात. आजकाल जेवण भरविताना आया हेच करतात, आणि आजीआजोबाही त्यात मागे नाहीत. ह्याला उत्तर देणारा प्रयोग अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॅट्रिशिया कूल ह्यांनी केला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना त्यांनी चिनी भाषा ऐकविली. एका गटापुढे चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसत, खेळणी दाखवीत, पुस्तके वाचून दाखवीत. पंचवीस मिनिटांची एक बैठक, अशा बारा बैठका झाल्या. म्हणजे सारे मिळून पाच तास. दुसऱ्या गटाला त्याच माणसांच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर दाखविल्या, तर काहींना केवळ आवाज ऐकविला. शेवटी परीक्षा घेतली, तेव्हा पहिल्या गटातील मुलांना चिनी उच्चारांतला अवघड भेद तैवानमधील मुलांइतकाच चांगला ओळखता आला. पडद्यापुढे बसलेल्या मुलांनी मात्र काहीही उचलले नाही. शब्द तेच, माणसे तीच, वेळ तेवढाच. पण सारे पालथ्या घड्यावर पाणी.

कारण काय? कारण मुलाला कानाइतकाच समोरचा माणूस लागतो. तो कोठे पाहतो, आपण हुंकार दिला की तो हसतो का, आपण हात पुढे केला की तो वस्तूचे नाव घेतो का, ह्यावर मुलाचे लक्ष असते. २००३ सालच्याच दुसऱ्या एका प्रयोगात असे दिसले, की आठ महिन्यांच्या मुलाने आवाज काढताच आईने हसून किंवा स्पर्श करून दाद दिली, तर त्याचे आवाज तेथल्या तेथे अधिक सुस्पष्ट होतात. ही दाद पडदा देत नाही. आणि आपण मुलाशी जे लाडिक बोलतो, त्याला आमच्यासारखे शिक्षक आजवर नाके मुरडीत आले. त्या बोलण्यात आवाज चढा असतो, गती संथ असते, स्वर लांबविलेले असतात. १९९७ साली अमेरिका, रशिया आणि स्वीडन ह्या तीन देशांतील आयांचे बोलणे तपासले, तेव्हा तिन्हीकडे त्या मुलांशी बोलताना स्वर अधिक ठसठशीत उच्चारीत होत्या. कोणी न शिकविता त्या उत्तम उच्चार शिकवीत होत्या. तेव्हा आजीबाईंच्या 'अले माझ्या छोन्या'ची आम्ही जाहीर माफी मागतो.

ह्याच ओघात एक गोष्ट बोलायला हवी. पुष्कळ सुशिक्षित घरांत अलीकडे मुलाशी जाणूनबुजून इंग्रजीत बोलतात. एका घरी आम्ही ऐकले, आत्या गाईचे चित्र दाखवून म्हणते 'काऊ', आणि आजी खिडकीतल्या कावळ्याला दाखवून म्हणते 'काऊ'. ते बिचारे मूल एकदा ह्या काऊकडे आणि एकदा त्या काऊकडे पाहत होते! थट्टा सोडा, दोन भाषांनी मुलाचा मेंदू गोंधळतो असे मात्र मुळीच नाही. सीमाभागात मराठी-कानडी, गोव्यात कोकणी-मराठी बोलत मुले सुखाने वाढतात. आमचा आक्षेप दुसऱ्या भाषेला नाही. ज्या भाषेत आपल्याला रागावता येत नाही, लाड करता येत नाहीत, गोष्ट रंगविता येत नाही, त्या भाषेत आपण मुलाशी कमी बोलतो आणि कोरडे बोलतो. मुलाच्या वाट्याला जी कमतरता येते ती ह्याची.

आता तो घरचा प्रसंग. आमचा नातू दीड वर्षाचा झाला तरी बोलेना. सून काळजीत पडली. आम्ही तिची समजूत घातली, की काही मुले उशिराच बोलतात, ह्याचा बापही उशिरा बोलला होता. ऐकू येते का पाहावे म्हणून आम्ही त्याच्या मागे थाळी वाजविली. तो दचकून वळला. झाले, आम्ही निकाल दिला. एका डॉक्टरांनीही थांबून पाहा असे सांगितले. पुढे सुनेनेच हट्ट धरला आणि दोन वर्षे चार महिन्यांचा असताना त्याची बेरा चाचणी झाली. मुलाला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकूच येत नव्हते. थाळीचा आवाज नव्हे, तिचा हादरा त्याला जमिनीतून कळला होता. ज्या दिवसांत त्याच्या मेंदूतली रोपे पाण्याची वाट पाहत होती, त्या दिवसांत तीस वर्षे भाषा शिकविलेला त्याचा आजोबा 'होईल सगळे ठीक' म्हणत बसला होता. ह्यात दोष कोणाचा, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

हजारी एकदोन मुले जन्मतः अशी असतात, आणि ती पाहून ओळखता येत नाहीत. ती हसतात, खेळतात, आईकडे झेपावतात. म्हणून नवजात मुलाच्या कानाची तपासणी करावी लागते. मूल झोपले असताना कानात बारीक बोंडी ठेवून यंत्र हलका आवाज सोडते, आणि निरोगी कानाच्या आतून जो क्षीण प्रतिसाद येतो तो टिपते. वेदना नाही, वेळ काही मिनिटांचा. पहिल्या महिन्यात ही तपासणी, शंका आल्यास तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत उपाय, असा दंडक आज जगभर मानतात. शर्मा नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले, की साडेतीन वर्षांच्या आत कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसविले, तर मेंदूचा श्रवणभाग बहुधा सहा महिन्यांत वयाला शोभेसे काम करू लागतो. सात वर्षांनंतर बसविले तर ते क्वचितच साधते. शास्त्राने दिलेली मुदत ही अशी आहे, आणि ती आमच्यातुमच्या सोयीने वाढत नाही.

मात्र कान नाही म्हणून भाषा नाही, असेही कोणी समजू नये. १९९१ साली पेटिटो आणि मॅरेंटेट ह्यांनी दाखविले, की खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या बहिऱ्या आईबापांची बहिरी मुले तोंडाने नव्हे, तर हातांनी बोबडे बोलतात. दहा महिन्यांच्या सुमारास त्यांची बोटे त्या भाषेतल्या अक्षरांसारखे चाळे करू लागतात. मेंदूला भाषा हवी असते. ती कानाच्या दाराने येवो की डोळ्यांच्या. गुंगमहालातील मुलांना दोन्ही दारे बंद होती. आपल्या घरचे मूल नकळत गुंगमहालात राहू नये, एवढीच काळजी आपण घ्यावयाची आहे.

तेव्हा श्रोतेहो, आमच्या तीन विनंत्या आहेत. घरात मूल जन्मले की बारशाच्या तयारीबरोबर त्याच्या कानाची तपासणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात चौकशी केली तर मार्ग मिळतो. दुसरी, मुलाशी आपल्या हाडामासाच्या भाषेत, त्याच्या डोळ्यांत पाहून बोला, आणि त्याने हुंकार दिला की उत्तर द्या. तिसरी विनंती आमच्या वयाच्या मंडळींना. सुनेला किंवा लेकीला मुलाविषयी शंका आली, तर आपल्या अनुभवाची ऐट मिरवू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात चला.

आमच्या नातवाला तिसऱ्या वर्षी इम्प्लांट बसले. आज तो सहा वर्षांचा आहे. पुष्कळ श्रमांनी तो बोलू लागला, आणि आता थांबता थांबत नाही. 'ळ' मात्र त्याला अजून साधत नाही. आभाळाला तो 'आभाल' म्हणतो. एके काळी ह्याच चुकीबद्दल आम्ही मुलांना उभे करीत असू. आता तो गच्चीवर बोट वर करून 'आभाल' म्हणाला, की आम्ही त्याच्याकडे पाहून 'हो रे, आभाळ' एवढेच म्हणतो, आणि तो पुन्हा म्हणेल म्हणून वाट पाहतो.